खिडकीकडचं पिंप

माईंचा दिवसातला पहिला शब्द पिंपांच्या खोलीतून बाहेर आल्यावर. त्याआधी घराला आग लागली असती तरी त्यांनी ती खुणेनंच सांगितली असती, असं मास्तर म्हणायचे. "आणि खूणही अशी केली असती, की आपल्याला वाटावं, चहा मागतेय."

मास्तर म्हणजे माईंचे यजमान. कापडाला नीळ चढवायचं काम त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. पुढची खोली माईंची. तिथं लांब टेबल, उशी घातलेली खुर्ची, दोऱ्याची रिळं, आणि दिवसभर कापडाला बारीक बारीक गाठी मारत बसणं. गाठीखाली रंग शिरत नाही. नंतर दोरा सोडला की तिथं पांढरं फूल उमटतं. मागे अंगण, अंगणात वाळणाच्या दोऱ्या. आणि अंगणाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पिंपांची खोली. बुटकी, अंधारी, उबदार. तिचा वास पहिल्यांदा येणाऱ्याला सहन व्हायचा नाही, आणि घरात महिनाभर राहिलेल्याला तो आला नाही तर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

निळीचं पिंप जिवंत असतं. म्हणजे अगदी खरोखर जिवंत, विरजण असतं तसं. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तिला कोंडा घालावा लागतो, चुना घालावा लागतो, रजया गुंडाळून ऊब द्यावी लागते. मग ती आंबते. नीट आंबली की वर तांबूस साय धरते, मधोमध निळ्या फेसाचं फूल फुलतं, आणि सायीखालचं पाणी मात्र पिवळट हिरवं. त्यात बुडवलेलं कापड वर येतं तेही हिरवंच. हवा लागली की बघता बघता निळं होत जातं. सून लग्न होऊन आली आणि तिनं हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारीण भिंतीवरून डोकावली होती.

पण पिंपाचा स्वभाव नाजूक. थंडी बाधते, चुना कमी पडला तर बाधतं, फार ढवळलं तरी बाधतं. बिघडलं की ते 'रुसलं' म्हणायचं. मग समजूत काढत बसायचं, आणि नाहीच निघाली समजूत तर सगळं ओतून देऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. नव्या पिंपाचा निळा जुन्यासारखा कधीच येत नाही. जवळपास येतो; पण जवळपास म्हणजे तो नव्हे.

माईंची सगळी भीती याची.

म्हणून त्या पहाटे अंघोळ करून, हातात छोटा दिवा घेऊन खोलीत जायच्या. खिडकीकडच्या पिंपासमोर एक बुटकं स्टूल होतं. दिवा खिडकीच्या फळीवर ठेवायचा, त्यात चमचाभर तेल, आणि ते तेल संपेपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं. तेल संपत आलं की रजईवरून पिंपाला कपाळ टेकवायचं, आणि दिवा विझला की बाहेर यायचं. मग तोंड उघडायचं. झाकण मात्र त्यांनी कधी उचललं नाही. ते मास्तरांचं काम. निजलेल्या लेकराचं पांघरूण आपण उगाच कशाला ओढायचं, असं त्यांना वाटायचं.

हा नेम आधी असा कडक नव्हता. माई लग्नानंतरची काही वर्षं सवडीनं बसायच्या, कधी राहूनही जायचं. मग त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. माई दोन दिवस लग्नाला गेल्या, हसतखेळत परत आल्या, आणि पाहतात तर पिंप गेलेलं. पाणी पाटीसारखं काळपट, वास कुजका, फुलाचा पत्ता नाही. मास्तर पायरीवर डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हा माईंच्या सासूबाई हयात होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तू नव्हतीस ना."

हे त्या सहज बोलल्या, की मनात काही धरून बोलल्या, ते विचारायची सोय आता उरली नाही. पण माईंनी ते वाक्य पदराला बांधलं ते बांधलंच. त्या दिवसापासून एक पहाट त्यांनी घराबाहेर काढली नाही. माहेरी गेल्या तर सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळच्या बसनं परत. आणि नव्यानं लावलेलं पिंप नीट चालत राहिलं. ते नीट चालतंय, म्हणजे नेम लागू पडतोय. नेम कधी चुकलाच नाही, त्यामुळे चुकला तर काय होतं हे पाहायची वेळही कुणावर आली नाही.

मग एका दुपारी लेकीचा फोन आला.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली, एका दिवसात जाऊन येणं शक्य नाही इतक्या दूर. तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण.

"आई, येशील ना गं?"

"तुझ्या सासूबाई आहेत ना तिथं?"

"आहेत. चांगल्याच आहेत. पण त्या माझ्या नवऱ्याच्या आई आहेत."

माईंनी हातातला दोरा बोटाला गुंडाळला. "मी बघते हं."

"तुझं 'बघते' म्हणजे नाही. लहानपणापासून ऐकतेय मी. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, नाहीतर मीच आले असते तुझ्या त्या पिंपाशेजारी बाळंत व्हायला!"

"काहीतरीच बोलतेस."

"मी काहीतरी तरी बोलते. तू तर गप्पच." मग लेक अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "आई, मला भीती वाटते गं."

फोन ठेवल्यावर माईंनी एक गाठ मारली, सोडली, परत मारली. कापडाला उगीच चुणी पडली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला तो असा, की मला जाता येणार नाही, पण तिच्यासाठी दुपटी पाठवू. मास्तर म्हणाले, "जा की. दुपटी घेऊनच जा."

"आणि पडदा?"

त्या वेळी घरात एका नाट्यगृहाच्या पडद्याचं काम होतं. उंचच उंच पडदा, त्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगवून मग एकत्र शिवायच्या. निम्म्या पट्ट्या रंगून झालेल्या, निम्म्या पांढऱ्या पडलेल्या. मध्येच पिंप रुसलं, की अर्धा पडदा एका निळ्याचा आणि अर्धा दुसऱ्याचा. ते नाटकाला येणाऱ्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं असतं.

"पडद्याचं काही होत नाही," मास्तर म्हणाले.

"मागे भाचीच्या लग्नाच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. सून ताटातलं काहीतरी फार लक्ष देऊन निवडत होती. एरवी ती जेवताना इतकी बोलायची की मास्तरांनी तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं. आज रेडिओ बंद होता. माईंना वाटलं, पोरीला नणंदेची काळजी लागलीय.

आणि त्यावरूनच त्यांना एक वाट सुचली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवून टाकलं. सकाळी चहा झाल्यावर सुनेला म्हणाल्या, "मी गेले तर माझ्या जागी तू बसायचंस."

"कुठं?"

"पिंपापुढे. पहाटे. उठल्यापासून एक शब्द बोलायचा नाही. चार दिवस माझ्याबरोबर बस, जमलं तर मी जाते."

"एक शब्द नाही?" सून घाबरलीच. "माई, मी झोपेत पण बोलते. विचारा तुमच्या मुलाला."

"झोपेतलं चालेल. जागेपणीचं नको."

मास्तर अंगणातून ओरडले, "रेडिओला मौन! बघायला तिकीट लावू या!"

पहिल्या पहाटे सून डोळे चोळत खोलीपर्यंत आली, उंबऱ्यात ठेच लागली आणि म्हणाली, "आई गं!" मग दोन्ही हात तोंडावर दाबून उभी राहिली. माईंनी मान हलवली आणि तिला परत पाठवलं. दुसऱ्या पहाटे ती नीट येऊन बसली, दिवा अर्धा जळला, आणि तिला शिंक आली. शिंकेचं एवढं काही नव्हतं, पण शिंकल्यावर ती सवयीनं "सॉरी हं" म्हणाली. दुपारी लेकीचा परत फोन आला. या वेळी लेक काही म्हणाली नाही, नुसतं विचारलं, बस किती वाजताची असते.

तिसऱ्या पहाटे सून अशी बसली की माईंनाच आश्चर्य वाटलं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, हूं नाही की चूं नाही. दिव्यात थोडंसंच तेल उरलं होतं. माईंनी मनातल्या मनात पिंपाला सांगितलं, ही पोर नवीन आहे, बडबडी आहे, पण मनानं चांगली आहे. मी येईपर्यंत हिला सांभाळून घे. मग त्यांनी पुढं वाकून रजईला कपाळ टेकवलं आणि सुनेला खूण केली, तूही टेकव.

सुनेनं टेकवलं. टेकवलं ते उचलेचना. तिचे खांदे हलायला लागले.

माईंना भरून आलं. एवढी जबाबदारी एकदम पोरीच्या अंगावर टाकली, असं वाटून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवल्यावर खांदे जास्तच हलले, आणि रजईतून आवाज आला तो हुंदक्याचा नव्हता. सून हसत होती. हसू दाबून दाबून तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माई, माफ करा, मला नाही जमत," ती म्हणाली. "तुम्ही त्याला इतकं मनापासून... माई, ह्यात पाणी आहे हो!"

माईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"साधं पाणी. कापड भिजवायचं. नीळ त्या पिंपात आहे, तिकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे."

माई उठल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रजई बाजूला सारली आणि झाकण उचललं. आत स्वच्छ पाणी होतं. तळाशी पडद्याची एक पांढरी पट्टी घडी करून भिजत ठेवलेली, आणि तिच्यावर दिव्याच्या उजेडात माईंचा स्वतःचा चेहरा. सुनेनं धावत जाऊन दुसऱ्या पिंपाचं झाकण उचललं. तिथं तांबूस साय होती, मधोमध भलंमोठं निळं फूल. अगदी सुखात.

माईंनी सुनेसमोर हात उलटा करून बोटं हलवली. कधीपासून?

"थंडीपासून," सून म्हणाली. तिचं हसू आता पार पळालं होतं. "जुनं पिंप तळाला गळायला लागलं ना, म्हणून बाबांनी त्यातलंच दोन बादल्या विरजण घेऊन त्या पिंपात नवं लावलं. भिंतीची ऊब मिळते म्हणून. मग हे डांबर लावून बुजवलं आणि पाणी भरलं. मला शपथ घातली होती त्यांनी. माई, काहीतरी बोला ना!"

पण दिव्यात तेल होतं. माईंनी झाकण ठेवलं, रजई सारखी केली, आणि परत स्टुलावर बसल्या. सून शेजारी उभी राहिली, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. दिवा फडफडला आणि विझला. तेव्हा माई उठून दारात आल्या आणि दिवसाचा पहिला शब्द बोलल्या.

"अहो!"

अंगणात मास्तर बादली भरत होते. त्या एका शब्दावरून त्यांना सगळं कळलं असावं, कारण बादली वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

"सांगणारच होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. पण तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, आज फार प्रसन्न वाटलं. मग काय सांगू?"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं."

"आणि पाण्याला रजया गुंडाळल्यात! पाण्याला थंडी वाजते?"

मास्तरांनी शेवटी नळ बंद केला. "तू कपाळ टेकवतेस त्याला," ते हळूच म्हणाले. "थंडीतला पत्रा. गार लागला असता."

माई पुढच्या खोलीत जाऊन गाठी मारायला बसल्या. इतक्या ताणून मारायला लागल्या की दोरा दोनदा तुटला. पडद्याच्या सगळ्या रंगलेल्या पट्ट्या थंडीनंतरच्या. एकीसारखी एक. त्यातल्या एकाही पट्टीसाठी त्या पिंपापुढे बसल्या नव्हत्या. बसल्या होत्या पाण्यापुढे. म्हणजे आपण नसतो तरी झालंच असतं. हा विचार आला की छातीवरचं एक ओझं उतरायचं आणि त्याच जागी दुसरं काहीतरी टोचायचं. इतक्या वर्षांत किती जागी जायचं राहून गेलं होतं! बहिणीकडे. लेकीचं नवीन घर लागलं तेव्हा. आणि ते सगळं कुणी मागितलं तरी होतं का आपल्याकडे?

सून चहा घेऊन आली आणि समोर बसली. रेडिओ बराच वेळ दम धरून होता, मग लागलाच.

"माई, ते भाचीच्या लग्नाच्या वेळचं. तुम्ही नव्हता म्हणून पिंप गेलं म्हणता. पण त्या दोन दिवसांत आणखी काय काय झालं होतं?"

"मला काय माहीत? मी लग्नात होते."

बोलून गेल्यावर माई थांबल्या. खरंच की. इतकी वर्षं त्या दोन दिवसांबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे स्वतःचं नसणं. बाकी घरात काय घडलं ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. विचारायला काही उरलंय असंच वाटलं नव्हतं.

मास्तर दारात उभेच होते, आत यावं की नाही या विचारात. माई म्हणाल्या, "या आत. सांगा, काय केलंत त्या दोन दिवसांत?"

"काम केलं. दुसरं काय करणार?"

"किती?"

"भरपूर. घर शांत होतं. ताग्यामागून तागा बुडवत गेलो. हातच थांबेना."

"जेवलात कधी?"

मास्तर आठवायला लागले. "शेजारून डबा आला होता. आईनं तिचा खाल्ला. माझा..." त्यांनी कानामागं खाजवलं. "माझा तसाच राहिला बहुतेक. आईचा आवाज तेव्हा अंगणापर्यंत पोचत नव्हता, हाक कोण मारणार?"

पिंपात कापड बुडवून काढलं की दर वेळी थोडी हवा आत शिरते, पिंप दमतं. चार कापडं झाली की झाकण टाकून त्याला निवांत ठेवावं लागतं. हे मास्तरांनीच सुनेला शिकवलं होतं. रोज दुपारी पुढच्या खोलीतून माईंची हाक यायची, "अहो, जेवायला!" की मास्तर झाकण टाकायचे, हात धुवायचे, जेवायचे, वर डुलकी काढायचे. संध्याकाळी चहाची हाक यायची, की परत झाकण. घड्याळ बघून काम करायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"म्हणजे तुम्ही त्याला दोन दिवस दम घेऊ दिला नाहीत," माई म्हणाल्या.

"असं दिसतंय खरं."

"म्हणजे कारण माईच!" सून टाळी वाजवून म्हणाली. "माई नव्हत्या म्हणूनच गेलं!"

"माई कशा कारण? कारण यांचा हावरटपणा," माई म्हणाल्या. "मी देवाचं नाव घ्यायला नव्हते म्हणून पिंप गेलं, असं समजून मी जन्म काढला. आणि तिथं नुसतं कुणी 'जेवायला या' म्हणायला हवं होतं!"

आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग डोळे पुसत, मग टेबलाला धरून. मास्तरांना आधी कळेना हसावं की नाही, पण सुनेनं सुरुवात केल्यावर तेही हसले.

"मग हाक मारायला कोण आहे माझ्यामागं?" माईंनी विचारलं.

"मी!" सून उभीच राहिली. "मला बोलायचं काम द्या माई, गप्प बसायचं नको. एक काय, चार हाका मारीन. उठले नाहीत तर पिंपापर्यंत जाऊन ओरडीन!"

"बघा बुवा," मास्तर म्हणाले. "रुसले तर आता माझे कानच रुसतील."

दुसऱ्या पहाटे माई दिवा घेऊन खोलीच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. स्टूल उचलून भिंतीकडच्या पिंपापुढे न्यावं का, असं एकदा मनात आलं. नेलं नाही. त्या नेहमीच्याच जागी, पाण्यापुढे बसल्या, डोळे मिटले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आज मागायला काही नाही. पिंप सांभाळ, रंग राहू दे, हे इतक्या वर्षांचं मागणं ओठांशी आलं आणि तिथंच विरलं. मागे राहिलं ते नुसतं नाव. ते घेताना त्यांना फार बरं वाटलं. लहानपणी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून आजी जे पुटपुटायची ते ऐकताना वाटायचं, तसं. तेव्हा तरी कुठं काही मागायचं माहीत होतं?

त्याच सकाळी त्या बसमध्ये बसल्या. पिशवीत दुपटी, एक दिवा, आणि बाटलीभर तेल.

पोचल्या तेव्हा लेक दवाखान्यात होती. माईंनी पिशवी खाली ठेवून तिचा हात हातात घेतला, आणि तिची बोटं एकदम घट्ट आवळली गेली. मग धावपळ झाली, नर्स आली, डॉक्टर आले, माईंना बाहेर बसवलं. दिवेलागण व्हायच्या आत नात झाली. काळ्याभोर केसांची, रागीट.

"आजी, तुमचा पायगुण हो!" नर्स म्हणाली. "कालपासून नुसती वाट बघत होतो. तुम्ही पाऊल टाकलंत आणि लगेच!"

लेकीच्या सासूबाईही म्हणाल्या, "खरंच. तुमच्यासाठीच थांबली होती."

जुन्या माई असत्या तर हे वाक्यही पदराला बांधून ठेवलं असतं, आणि पुढं लेकीच्या घरी कुणाला ताप आला तरी आपण नव्हतो म्हणून आला असं मानलं असतं. त्यांनी सुजलेले पाय चपलेतून बाहेर काढले आणि बाकावर टेकून बसल्या.

"बाळ नऊ महिन्यांपासून निघालंय," त्या म्हणाल्या. "मी आज सकाळी निघाले. दोघी एकाच वेळी पोचलो, एवढंच."

लेक घरी आल्यावर माईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लावायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या पहाटेची गोष्ट. तेल अजून निम्मं होतं आणि आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. आधी किरकिर, मग टिपेचा सूर. लेक रात्रभर जागलेली, गाढ झोपलेली. माईंनी एकदा दिव्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "आले गं बाई, आले! काय झालं माझ्या बाळाला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तेल संपायच्या आत त्यांचा शब्द बाहेर पडला. दिवा खिडकीत तसाच जळत राहिला. बाळ खांद्यावर घेऊन माई त्याच्यापुढे फेऱ्या मारत राहिल्या, आणि नावाच्या मध्ये मध्ये ओ, हो, अगं हो असं येत राहिलं.

संध्याकाळी घरून फोन आला. मास्तरांचा आवाज नुसता फुलला होता.

"अगं, आजचा निळा बघायला हवा होतास! शेवटच्या पट्ट्या काढल्या. सगळ्या एकसारख्या, आणि काय खुललाय रंग! तू तिकडे बसतेस ना पहाटे नीट?"

"आज मध्येच बोलले," माई म्हणाल्या. "बाळ रडत होतं."

पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि सुनेचा आवाज आला. "बोललात? आणि आजच रंग असा खुलला? माई, मग आता रोज बोलत जा!"

"गप गं," माई म्हणाल्या, पण त्यांना हसू आवरेना. हसण्यानं खांद्यावरचं बाळ जागं झालं. "हे बघ, तू आज त्यांना जेवायला हाक मारलीस का?"

"तीनदा!"

"मग झालं तर. दे आता त्यांच्याकडे."

मास्तर फोनवर आले, तेवढ्यात मागून सून परत ओरडली, की बाबा, झाकण टाका, हात धुवा, ताट वाढलंय.

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले. "तू असताना निदान एकाच हाकेत काम भागायचं. कधी येतेस?"

"बघते हं," माई म्हणाल्या, आणि बाळाच्या पाठीवर थोपटत खिडकीशी गेल्या.